एवढासा प्लग, पाना कोणता?

मराठी भाषेची एक गंमत पाहा. सुताराचा रंधा, लोहाराचा हातोडा आणि मावळ्याची तलवार या तिन्हींना आपण एकाच शब्दाने ओळखतो : हत्यार! खंडेनवमीला या साऱ्यांवर सारख्याच भक्तिभावाने हळदकुंकू वाहतो. आमच्या खोपटात एसटीचे आगार आहे. दसऱ्याला एसटीच्या गाड्यांच्या तोंडावर झेंडूच्या माळा झुलतात, आणि घरोघरच्या मोटारीही नटूनथटून उभ्या राहतात. पण पूजा आटोपली की उरलेले ३६४ दिवस आपण हत्यारांशी कसे वागतो? डब्याचे झाकण सुरीने, खिळा वरवंट्याने आणि मोटारीचा स्पार्क प्लग घरातल्या पकडीने! पहिल्या दोन उद्योगांत फार तर बोट दुखावते. तिसऱ्यात इंजिनावर बेतते. म्हणून हा प्रपंच.

डिझेलच्या आणि विजेच्या मोटारींना स्पार्क प्लग नसतो. त्यांच्या मालकांनी हा लेख केवळ करमणूक म्हणून वाचावा. पेट्रोल आणि सीएनजीवाल्यांनी मात्र कान देऊन ऐकावे. सिलिंडरमध्ये दाबलेल्या इंधनाला नेमक्या क्षणी काडी लावणे हे प्लगचे काम. १८६० साली एत्येन लन्वार याने पॅरिसमध्ये आपल्या गॅस इंजिनात विजेची ठिणगी वापरली. तेव्हापासूनची ही परंपरा आहे. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर दर दोन फेऱ्यांना एक या हिशेबाने प्रत्येक प्लग सेकंदाला २५ ठिणग्या पाडतो. हजारो व्होल्टची ती वीज आडवाटेने पळू नये म्हणून तिच्याभोवती पांढऱ्या चिनी मातीचे कवच असते. प्लगच्या टोकाशी असलेली फट वापराने रुंदावते, ठिणगी दुबळी होते, आणि मग गाडी ‘मिसिंग’ मारू लागते.

आमच्या शेजारच्या एका गृहस्थांच्या गाडीने असेच आचके द्यायला सुरुवात केली. गृहस्थ हौशी. त्यांनी नवे प्लग आणले आणि मिळेल त्या पान्याने स्वतःच बसवले. गाडी पूर्वीपेक्षा जास्तच खोकू लागली! अखेर मिस्त्रींना पाचारण झाले. त्यांनी एक प्लग काढून उजेडात धरला. पांढऱ्या कवचावर केसाएवढी चीर होती. “काका, पाना तिरका झाला,” ते शांतपणे म्हणाले, “वीज टोकापर्यंत पोचतच नाही, मधूनच पळते.” वर त्यांनी बजावले, की अशीच गाडी दामटली असती तर न जळलेले पेट्रोल धुराच्या नळीत जाऊन तिथला कन्व्हर्टरही निकामी झाला असता. काही शे रुपयांच्या प्लगपायी हजारोंचा भुर्दंड!

पूर्वी हे काम सोपे का वाटे, यालाही कारण आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीची कुर्ल्याला तयार होणारी फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक होती. तिचे बॉनेट उघडले की प्लग समोर दिसत. नळीसारखा एक पाना आणि त्यात घालायची दांडी एवढ्यावर भागे. पण २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली. आजच्या बहुतेक गाड्यांत प्लग खोल विहिरीत बसलेला असतो आणि त्याच्या डोक्यावर कॉइल. तिथे नजर पोचत नाही, तेव्हा सारी भिस्त हत्यारावर.

तर हत्यारे कोणती? पहिला मान प्लगच्या खास सॉकेटचा. याच्या आत रबर असते. ते कवच जपते आणि सुटलेला प्लग वर उचलून आणते. जुन्या गाड्यांना बहुधा २१ मिलिमीटरचे सॉकेट लागे, नव्यांना बहुतांशी १६ चे, काहींना १४ चे. दुसरी लांब दांडी, म्हणजे पाना सरळ राहतो. तिसरे फीलर गेज, फट मोजायला. आणि चौथा टॉर्क पाना, जो ठरलेला जोर झाला की ‘टक्’ करून थांबा म्हणतो.

हा चौथा चैनीचा वाटेल, पण हेड असते अॅल्युमिनियमचे, मऊ धातूचे. १४ मिलिमीटर आट्यांच्या, वॉशर असलेल्या प्लगला त्यात साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर जोर पुरतो. म्हणजे पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला दहा-बारा किलो वजन टांगावे इतकाच. तालमीतला दंड तिथे आजमावला, की आटे गेलेच म्हणून समजा. उलट प्लग सैल राहिला तर त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही आणि तो तापून खराब होतो. आपल्या गाडीचा नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. प्लग लहान असेल तर जोरही कमी लागतो.

रीत अशी. इंजिन पुरते थंड होऊ द्यावे. एका वेळी एकच प्लग काढावा, म्हणजे जोडण्यांची अदलाबदल होत नाही. काढण्याआधी विहिरीतली धूळ हवेने उडवावी, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये उतरते. नवा प्लग आधी नुसत्या बोटांनी फिरवावा, हँडल न लावता. अडला तर बळजोरी न करता मागे घेऊन पुन्हा सरळ लावावा. बोटांना जे कळते ते लांब हँडलला कळत नाही. तो तळाशी टेकला, की मगच टॉर्क पाना.

यंदा धनत्रयोदशीला भांडे घ्यालच. त्यासोबत एक चांगले सॉकेटही घ्या. पुढच्या खंडेनवमीला पुजायला घरचे हत्यार होईल, आणि मधल्या वर्षभरात त्याचा मान राखल्याचे समाधानही गाठीला राहील.