दीड गिरकीची साक्ष

अमेरिकेतील उपनगरांत घराला लागून मोटारीसाठी जी खोली बांधलेली असते, तिच्यातून मोटार बाहेर काढून त्या जागी कृत्रिम गवताची चटई, छतापासून सोडलेली जाळी आणि चेंडूच्या मागे जमिनीवर ठेवलेली मुठीएवढी पेटी मांडण्याचा प्रघात, विशेषतः २०२० च्या महासाथीने माणसांना घरात कोंडल्यापासून, इतका वाढला आहे की गोल्फ हा मैदानी खेळ आहे हे विधान आता थोडे जपूनच करावे लागते. न्यू जर्सीत वा टेक्सासात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही, ज्यांच्या वाडवडिलांनी क्रिकेटखेरीज दुसऱ्या चेंडूकडे ढुंकून पाहिले नाही, हिवाळ्याच्या रात्री गॅरेजातून जाळीवर चेंडू आपटल्याचा आवाज येणे ही अपूर्वाई राहिलेली नाही. चेंडू आठ-दहा फुटांवर जाळीत अडकून खाली पडतो. मोबाइलच्या पडद्यावर मात्र तो हवेतून २१८ यार्ड गेल्याची, वाटेत किंचित उजवीकडे झुकल्याची आणि मिनिटाला ३,१०० गिरक्या घेत असल्याची नोंद तत्काळ उमटते. जो चेंडू कोठेच गेला नाही त्याच्या प्रवासाचा इतका तपशीलवार दाखला देणाऱ्या या पेटीवर, म्हणजे ‘लाँच मॉनिटर’वर, भरवसा कितपत ठेवावा, हा प्रश्न तिच्या मालकाला आज ना उद्या पडतोच.

चेंडूचे उड्डाण रडारने मोजण्याची पद्धत गोल्फमध्ये रूढ केली ती प्रामुख्याने डेन्मार्कच्या ट्रॅकमन या कंपनीने. २००३ साली ती स्थापन झाली तेव्हा तिच्या संस्थापकांपैकी फ्रेडरिक टुक्सेन हा अभियंता त्यापूर्वी तोफगोळ्यांचा माग घेणाऱ्या रडारांवर काम करून आलेला होता. त्या जातीची रडारयंत्रे, तसेच कॅमेऱ्यांच्या साहाय्याने तेच काम करणारे फोरसाइट कंपनीचे जीसी क्वाड, ही व्यावसायिक खेळाडूंच्या आणि सधन क्लबांच्या मालमत्तेत मोडतात, कारण त्यांची किंमत पंधरा-वीस हजार डॉलरांच्या घरात जाते. २०२१ साली गार्मिनने ‘अप्रोच आर-१०’ ही पेटी ६०० डॉलरांत बाजारात आणली आणि २०२३ साली रॅप्सोडोने रडार व कॅमेरे यांची जोडी असलेले यंत्र ७०० डॉलरांत दिले. किमतीत वीस-तीस पटींचे अंतर असता आकड्यांत किती अंतर पडते हे पाहू गेल्यास असे दिसते की काही आकड्यांत ते जवळजवळ नाही, आणि काहींत ते किमतीतल्या तफावतीला शोभेल एवढे आहे. अडचण अशी की पडद्यावर हे दोन्ही प्रकारचे आकडे एकाच टायपात, सारख्याच ठामपणाने, दशांशचिन्हासकट उमटतात, आणि कोणता आकडा प्रत्यक्ष मोजलेला व कोणता पेटीने आपल्या पदरचा घातलेला, हे सांगण्याची तसदी उत्पादक सहसा घेत नाहीत.

चेंडूचा वेग हा प्रत्यक्ष मोजलेल्यांपैकी. क्रिस्टियान डॉप्लरने १८४२ साली प्राग येथे मांडलेल्या तत्त्वानुसार, दूर जाणाऱ्या वस्तूवरून परतलेल्या लहरींची वारंवारता मूळ लहरींपेक्षा किंचित कमी भरते आणि ही घट वेगाच्या प्रमाणात असते. स्वस्त पेट्यांत सामान्यतः जे रडार असते ते २४ गिगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे सेकंदाला २,४०० कोटी आवर्तनांवर चालते. सेकंदाला ७५ मीटर वेगाने निघालेल्या चेंडूवरून परतताना त्यांत सुमारे १२,००० आवर्तनांची घट येते. इतक्या मोठ्या खजिन्यातली इतकी किरकोळ तूट पकडणे प्रथमदर्शनी दुर्घट वाटते. परंतु गेलेली लहर आणि आलेली लहर एकमेकींत मिसळली की शिल्लक राहते ती केवळ त्या दोहोंमधील तफावत, आणि सेकंदाला १२,००० आवर्तनांचा स्वर तर निरोगी मानवी कानालाही ऐकू येतो. तो मोजायला महागड्या विद्युत्सामग्रीची आवश्यकता नाही. या जातीचे रडार मोटारींत आणि आपोआप उघडणाऱ्या दारांत घाऊक प्रमाणावर बसवले जाते. म्हणूनच चेंडूच्या वेगाच्या बाबतीत ६०० डॉलरांची पेटी वीस हजारांच्या यंत्राशी बरोबरी करू शकते, आणि तिला खेळणे म्हणून हिणवणाऱ्यांनी निदान एवढे तरी मान्य करावयास हवे.

गार्मिनने आपल्या पेटीच्या चुकीची जी मर्यादा जाहीर केली आहे ती या दृष्टीने वाचण्याजोगी आहे: चेंडूच्या वेगात ताशी १ मैल, उड्डाणकोनात व दिशेत प्रत्येकी १ अंश, हवेतील पल्ल्यात ५ यार्ड, आणि क्लबच्या, म्हणजे चेंडू मारण्याच्या काठीच्या, वेगात मात्र ताशी ३ मैल. ड्रायव्हरच्या, म्हणजे सर्वांत लांब फटक्यासाठीच्या क्लबच्या, फटक्यात चेंडूच्या वेगातील एक मैल म्हणजे स्थूलमानाने दोन यार्ड, तेव्हा त्या चुकीची खंत करण्याचे कारण नाही. क्लबचे तसे नाही. त्याचे डोके वेडेवाकडे, ते वर्तुळाच्या कमानीत फिरणारे, आणि त्याचे बाहेरचे टोक दांड्याजवळच्या टोकापेक्षा अधिक वेगाने जाणारे, त्यामुळे त्याचा वेग म्हणजे नेमका कोणत्या बिंदूचा वेग याविषयी मोठ्या कंपन्यांचेही एकमत नाही. चेंडूचा वेग भागिले क्लबचा वेग हे जे गुणोत्तर फटक्याच्या शुद्धतेचे प्रमाण म्हणून मिरवले जाते, त्यावर याचा परिणाम काय होतो ते पाहा. क्लब ताशी १०० मैल आणि चेंडू १४५ मैल असेल तर गुणोत्तर १.४५ येते, क्लबच्या आकड्यात तीन मैलांची चूक धरली की तेच १.४१ पासून १.४९ पर्यंत कोठेही पडते, म्हणजे सामान्य फटका आणि जवळजवळ निर्दोष फटका यांमधील सारा प्रदेश त्या चुकीतच सामावून जातो. तरीही या गुणोत्तराच्या दुसऱ्या दशांशस्थळावरून मित्रामित्रांत पैजा लागतात.

फिरकीचे प्रकरण याहून बिकट आहे. क्लबच्या तिरक्या पृष्ठभागामुळे चेंडूला उलटी फिरकी मिळते व त्या फिरकीमुळे हवा त्याला वर उचलून धरते. ती बेताची असली तर चेंडू लांब तरंगतो, फाजील झाली तर वर चढून मध्येच गळून पडतो. हे शास्त्र गोल्फसाठी प्रथम नीट मांडले ते एडिंबरो विद्यापीठातील प्राध्यापक पीटर गथ्री टेट यांनी. त्यांचा मुलगा फ्रेडी १८९६ व १८९८ साली ब्रिटनच्या हौशी गोल्फ स्पर्धेचा विजेता होता, त्यामुळे घरात वादाला विषय आणि प्रयोगाला हात दोन्ही उपलब्ध असावेत. फिरकी मोजण्याची टेट यांची युक्ती अशी की एक लांब, पीळ नसलेली फीत घेऊन तिचे एक टोक चेंडूला व दुसरे जमिनीला बांधावयाचे, एक-दोन यार्डांवर घट्ट चिकणमातीची भिंत उभी करावयाची, चांगल्या खेळाडूकडून तीत चेंडू मारवावयाचा, आणि मग फितीला पडलेले पीळ मोजावयाचे. त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष सेकंदाला सुमारे ४० ते १२० गिरक्यांचा होता. ट्रॅकमनने पूर्वी प्रसिद्ध केलेल्या अमेरिकन व्यावसायिकांच्या सरासरीत ड्रायव्हरची फिरकी मिनिटाला २,६८६ आणि सात नंबरच्या आयर्नची, म्हणजे मध्यम पल्ल्याच्या लोखंडी क्लबची, ७,०९७ होती, म्हणजे सेकंदाला अनुक्रमे ४५ व ११८. रडार नाही, कॅमेरा नाही, आणि एक फीत व चिखल एवढ्या भांडवलावर एकोणिसाव्या शतकातल्या एका अध्यापकाने आखलेल्या हद्दीत हे दोन्ही आकडे बिनबोभाट बसतात.

टेट यांच्या चिखलाच्या भिंतीची जागा आज गॅरेजातल्या जाळीने घेतली आहे आणि अडचणही तीच राहिली आहे. आर-१० ला चेंडूपुढे किमान आठ फूट मोकळे उड्डाण लागते, आणि सामान्य घरात त्याहून फारसे मिळतही नाही. वर सांगितलेल्या सरासरीत ड्रायव्हरचा चेंडू ताशी १६७ मैलांनी निघे. तो हे आठ फूट सेकंदाच्या तिसाव्या भागात ओलांडतो आणि तेवढ्यात त्याच्या जेमतेम दीड गिरक्या होतात. फितीला पडलेला पीळ डोळ्यांना दिसतो. रडारला मात्र एकसारखा गोल पांढरा चेंडू फिरला काय अन् न फिरला काय, प्रतिध्वनी जवळजवळ एकच येतो, आणि त्यातली सूक्ष्म थरथर ओळखण्याला दीड गिरकीचा पुरावा अपुरा पडतो. मोकळ्या मैदानावर चेंडूचा मार्ग दूरवर दिसत असल्यामुळे रडारला अधिक आधार मिळतो. गॅरेजात ही पेटी बहुधा क्लबचा वेग, चेंडूचा वेग आणि उड्डाणकोन यांवरून फिरकी किती असावी याचा अंदाज बांधते व तो मोजणीच्या थाटात सादर करते. फटका क्लबच्या मध्यावर बसला असेल तर हा अंदाज बरा ठरतो. पण ड्रायव्हरच्या पृष्ठभागावर चेंडू मध्याच्या वर लागला तर फिरकी घटते, खाली लागला तर वाढते, आणि हे जाणण्याचे साधन अंदाज बांधणाऱ्याजवळ नसते. सराव करणाऱ्याला ज्या चुकलेल्या फटक्यांची खरी माहिती हवी असते, नेमकी तेथेच पेटी त्याला सरासरी खेळाडूचे उत्तर देऊन मोकळी होते. माझ्या मते या यंत्रांवरचा सर्वांत गंभीर आक्षेप हाच आहे, आणि किंमत हे त्यावर समाधानकारक उत्तर नाही.

यावर उपाय शोधला गेला तो चेंडूतच. टायटलिस्टने कवचाखाली रडारला दिसेल अशी खूण घातलेले चेंडू काढले, आणि रॅप्सोडोच्या यंत्रासाठी कॅलवेने पृष्ठभागावर ठरावीक नक्षी छापलेले चेंडू काढले, जिच्या फिरण्याची कॅमेरा छायाचित्रे टिपतो. अशा चेंडूंनी घरातल्या फिरकीचा आकडा पुष्कळ सुधारतो. मात्र हे चेंडू महाग, आणि छापील नक्षी जाळीला घासून झिजते, हा खर्च पेटीच्या जाहिरातीत येत नाही. निव्वळ कॅमेऱ्यांवर चालणारी यंत्रे चेंडूच्या बाजूला ठेवतात. सेकंदाच्या हजाराव्या भागात चेंडू स्वतःच्या व्यासाहून, म्हणजे ४२.६७ मिलिमीटरांहून, अधिक सरकत असल्याने त्यांना प्रखर दीप्ती आणि अतिशीघ्र छायाचित्रण लागते. त्यांना खोली लहान असल्याची अडचण नाही. पण पहिल्या वीतभर अंतरापलीकडचे उड्डाण त्यांनाही गणितानेच काढावे लागते, आणि त्या गणितात वारा शून्य व हवेची घनता ठरावीक गृहीत धरलेली असते. समुद्रसपाटीपासून १,६०० मीटर उंच असलेल्या डेनव्हरला राहणाऱ्याने उंचीची नोंद बदलली नाही तर त्याला मैदानावर गेल्यावरच आश्चर्याचा धक्का बसावयाचा.

काही दोष मात्र यंत्राच्या माथी मारता येत नाहीत. पेटी चेंडूमागे दोन मीटरांवर असता ती लक्ष्यरेषेपासून साडेतीन सेंटिमीटर बाजूला सरकली की दिशेत एक अंशाची चूक झालीच, आणि २५० यार्डांवर तिचे जवळजवळ साडेचार यार्ड होतात. साडेतीन सेंटिमीटर म्हणजे चेंडूच्या व्यासाहूनही कमी! चटईवर रंगीत फीत चिकटवून तिच्या रेषेत पेटी बसवणाऱ्याचे दिशेचे आकडे, दुप्पट किमतीची पेटी पायाने सरकवून ठेवणाऱ्याच्या आकड्यांपेक्षा खात्रीने विश्वसनीय असतात. छताचा पंखाही बंद ठेवावा, कारण फिरणारे पाते रडारच्या लेखी हलणारी वस्तूच आहे.

स्वस्त पेटी मोठ्या यंत्राशेजारी ठेवून एकाच फटक्याची दोघांकडून नोंद घेण्याचे प्रयोग पुष्कळ होतात आणि त्यांचे निष्कर्ष बहुधा सरासरीत सांगितले जातात. ही सरासरी मोठी लबाड असते. एका फटक्यात बारा यार्ड अधिक व दुसऱ्यात दहा यार्ड उणे दाखवणाऱ्या पेटीची सरासरी चूक अवघी एक यार्ड भरते, पण खेळणाऱ्याला त्या दोन्ही वेळा खोटेच सांगितले गेलेले असते. वाण्याचा काटा दर वेळी पन्नास ग्रॅम जास्त दाखवीत असेल तर गिऱ्हाईक ते मनात वजा करून व्यवहार करू शकते. कधी पन्नास जास्त आणि कधी पन्नास कमी दाखवणारा काटा, त्याची सरासरी कितीही बिनचूक असो, निरुपयोगीच. घरच्या सरावाला आकडा सत्य असण्यापेक्षा सुसंगत असणे अधिक महत्त्वाचे आहे, कारण तेथे तुलना आजच्या आपली कालच्या आपल्याशी व्हावयाची असते. चेंडूचा वेग आणि उड्डाणकोन ही कसोटी उत्तीर्ण होतात, सात नंबरच्या आयर्नचा पल्लाही बहुतेक होतो. वेज या जवळच्या पल्ल्याच्या क्लबचे छोटे फटके, जेथे सारे काही फिरकीवर अवलंबून असते, तेथे पडद्यापेक्षा मैदानावरील खुणेच्या खांबांवर अधिक भिस्त ठेवावी.

नवा ड्रायव्हर विकत घेताना तर केवळ घरच्या पेटीच्या फिरकीवरून निर्णय करू नये, कारण दोन ड्रायव्हरांतील फरक पुष्कळदा त्या पेटीच्या चुकीहून लहान असतो. त्यापेक्षा मोठे यंत्र असलेल्या एखाद्या फिटरकडे, म्हणजे खेळाडूला साजेसा क्लब निवडून देणाऱ्याकडे, तासाभराची वेळ ठरवावी, त्याच्या परवानगीने आपली पेटी बरोबर नेऊन त्या यंत्राच्या जोडीला मांडावी, आणि प्रत्येक फटक्याचे दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहून घ्यावेत. ड्रायव्हरला किती यार्डांची वजावट करावयाची, आयर्नला किती, आणि कोणत्या रकान्यातली तफावत फटक्यागणिक बदलत असल्यामुळे तो रकाना पुढे वाचावयाचाच नाही, याचा तक्ता त्यातून तयार होतो. चेंडू मात्र घरून न्यावेत, ज्यांनी आपण गॅरेजात सराव करतो तेच. दुकानातल्या बादलीतले जुने चेंडू वापरले तर तो तक्ता त्या चेंडूंचा होईल.