लागवडीपूर्वीचा भाव

दोंडाईचा येथील बाजार लाल मिरचीसाठी प्रसिद्ध आहे. शेतकऱ्याला मात्र आपल्या मालाचा भाव कळतो तो लिलाव पुकारल्यावर. तोवर माल परत नेण्याचे भाडेही परवडेनासे होते. कॉफी पिकविणाऱ्यांची अवस्था याहून निराळी नव्हती. 1988 साली नेदरलँड्समध्ये ‘मॅक्स हॅवेलार’ मुद्रेची कॉफी विक्रीस आली. या न्याय्य व्यापाराचा नियम सोपा आहे: किमान दर आधी ठरवावा आणि बाजार त्याहून चढला तर चढता दर द्यावा.

खानदेशात याच वळणाचा व्यवहार भवरलाल जैन (1937–2016) यांच्या जळगावच्या जैन इरिगेशनने पांढऱ्या कांद्यात रुजविला. कांदा वाळविण्याच्या कारखान्यासाठी लागवडीपूर्वी करार, किमान दराची हमी, बाजार वधारल्यास त्यास अनुसरून दर. जोडीला मुळाशीच पाणी देणारे ठिबक. व्रतस्थ जैन घरांत कांदा वर्ज्य खरा, पण त्यातील व्यवहार वर्ज्य नाही. मात्र माल घेणारा आणि ठिबकच्या नळ्या विकणारा एकच असतो, हे शेतकऱ्याने करार वाचताना विसरू नये.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्याच्या अतिचारांमध्ये ‘हीनाधिकमानोन्मान’, म्हणजे खोटे माप, सांगितले आहे. खऱ्या मापाबरोबर मिरचीचा किमान दरही लागवडीपूर्वी कागदावर देणे दोंडाईचा येथील पेढ्यांना अशक्य नाही.