एक ‘ना’, अर्थ नाना

‘ना’ हे मराठीतील अगदी इवलेसे अक्षर. कानी पडताच ते नकार सुचविते. ‘ना घर, ना दार’ एवढे म्हटले की दारिद्र्याचे चित्र पुरे होते. पण तोच ‘ना’ वाक्याच्या शेवटी आला, की त्याचा कठोरपणा मावळतो. ‘तू येशील ना?’ या प्रश्नात नकार नाही, आर्जव आहे. कोकणीत मात्र ‘घरांत कोण ना’ असे म्हटले, की घरात खरोखरच कोणी नाही.

आता बेळगावच्या बाजारात चला. कानडी शेजारी ‘ना बर्तीनि’ म्हणाला, तर नवख्या मराठी माणसास वाटावे, हा येत नाही! वस्तुतः त्याने ‘मी येतो’ असे वचन दिलेले असते. कानडीत ‘नानु’ म्हणजे ‘मी’; बोलताना त्याचा ‘ना’ होतो. हैदराबादेस तेलुगू गृहस्थ ‘ना इल्लु’ म्हणतात, तेव्हा ‘ना’ म्हणजे ‘माझे’ आणि ‘इल्लु’ म्हणजे घर. येथे मौज अशी, की कानडीत ‘इल्ल’ म्हणजे ‘नाही’. तेव्हा ‘माझे घर’ या आपुलकीच्या शब्दांत मराठी कानाला एका नकाराचा भास व्हावा, तर कानडी कानाला दुसऱ्याचा!

असे का व्हावे? मराठी व कोकणी आर्यकुळातील. त्यांचा ‘ना’ संस्कृत ‘न’चा वारस असून लॅटिनमधील ‘नोन’ त्याचा दूरचा नातलग आहे. कानडी व तेलुगू द्राविड कुळातील. त्यांच्या ‘ना’चे मूळच निराळे. कोरियन भाषेतही ‘ना’ म्हणजे ‘मी’, आणि जपानीत ‘ना’ म्हणजे नाव. पण हा निव्वळ योगायोग. मुखातून सहज निघणारे ध्वनी मोजके, सांगावयाच्या गोष्टी असंख्य. मग एक लहानसा शब्द अनेक घरी राबणारच. भाषापंडित सोस्यूर यांच्या मृत्यूनंतर, १९१६ साली, प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात याचे मर्म सांगितले आहे: ध्वनी व अर्थ यांची गाठ निसर्गाने बांधलेली नसते, ती त्या त्या समाजाच्या संकेताने बांधली जाते.

वाचकहो, जेथे दोन-तीन भाषा एकाच आळीत नांदतात, तेथे हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. शेजाऱ्याच्या शब्दाने मन दुखावण्यापूर्वी ‘आपण काय म्हणालात?’ एवढे विचारावे. ज्याला आपण नकार समजलो, ते कदाचित घरी येण्याचे निमंत्रणही असेल.