डोंगराची वाट आणि गावची भाकरी

उंच डोंगर दिसला की त्याच्या माथ्यावर चढून जावे, असे मुलांना सहजच वाटते. ही हौस चांगली आहे. चढण चढताना अंगी चिकाटी येते, सोबत्यांना हात देण्याची सवय लागते आणि भयावर मात करता येते. परंतु डोंगर म्हणजे केवळ खडक आणि उंची नव्हे. त्याच्या कुशीत माणसे राहतात, शेती करतात, गुरे राखतात, देवाची जत्रा भरवितात. त्यांची ओळख करून न घेता जो परततो, त्याचा प्रवास अर्धाच झाला असे समजावे. हे कसे, ते आपण कळसूबाईच्या उदाहरणाने पाहू.

कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर होय. त्याची उंची 1646 मीटर आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, बारी या गावाच्या माथ्यावर ते उभे आहे. चढणीच्या अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या बसविलेल्या आहेत. माथ्यावर कळसूबाई देवीचे लहानसे मंदिर आहे. तेथून एका बाजूस अलंग, मदन व कुलंग हे दुर्ग दिसतात, तर दुसऱ्या बाजूस प्रवरा नदीवरील भंडारदरा धरणाचा जलाशय चकाकताना दिसतो.

एवढी माहिती नकाशावरूनही मिळेल. पण या शिखराला कळसूबाई हे नाव का पडले, हे नकाशा सांगत नाही. ते गावकरी सांगतात. कळसू नावाची एक मुलगी एका घरी कामाला राहिली. भांडी घासणे आणि केर काढणे ही दोन कामे मी करणार नाही, अशी तिची अट होती. पुढे तीच कामे तिला करावयास लावली, तेव्हा ती घर सोडून डोंगरावर निघून गेली व तेथेच राहिली. ही लोककथा आहे, इतिहास नव्हे. तरीही ती ऐकल्यावर शिखराकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलते. नवरात्रात आसपासच्या गावांतील माणसे ही चढण चढून देवीच्या दर्शनाला जातात. आपल्याला जे साहस वाटते, ती त्यांची नित्याची भक्तीची वाट आहे.

आता त्यांच्या ताटाकडे पाहू. या भागात महादेव कोळी समाजाची वस्ती मोठी आहे. पावसाळ्यात येथे पाऊस अतोनात पडतो. परंतु उतारावरून पाणी वाहून जाते आणि मातीचा थर पातळ राहतो. अशा जमिनीत गहू कसा पिकणार? म्हणून सखल खाचरांत भात आणि उतारांवर नाचणी, वरई व खुरासणी ही पिके घेण्याची रीत पडली. नाचणीला इकडे नागली असेही म्हणतात. उन्हाळ्यात पाने, काटक्या व शेण पसरून जमीन भाजतात. याला राब म्हणतात. त्या जागी रोपे वाढवून पाऊस स्थिरावल्यावर ती लावतात. नाचणीच्या दाण्याला कीड सहसा लागत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षे साठविता येते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे 340 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. वाढत्या वयाच्या मुलांच्या हाडांना ते फार उपयोगी आहे.

डोंगर उतरून आल्यावर गावातील एखाद्या घरी चुलीवरची नाचणीची भाकरी, हुलग्याची शेंगोळी आणि खुरासणीची चटणी मिळाली, तर त्या जेवणाची गोडी काही निराळीच लागते. पावसाळ्यात कुरडू, करटोली अशा रानभाज्या असतात. उन्हाळ्यात करवंदे व जांभळे असतात. नाचणीचे पीठ आंबवून शिजवितात आणि त्यात ताक व मीठ घालून आंबील करतात. चढणीवर घामावाटे शरीरातील पाणी व मीठ जाते. आंबील आणि ताक यांनी ती झीज भरून निघते व तहानही शमते. या लोकांनी आहारशास्त्राचे ग्रंथ वाचले नव्हते; अनुभव हाच त्यांचा ग्रंथ होता.

असेच त्यांचे वाटांचे ज्ञान आहे. पावसाळ्यात धुके दाटले की दहा पावलांवरचेही दिसेनासे होते. कोणता ओढा अचानक फुगतो, कोणता कातळ निसरडा होतो, हे गावच्या वाटाड्याला ठाऊक असते. त्याने "आज वर जाऊ नका" असे सांगितले, तर मुकाट्याने ऐकावे. तेथे हट्ट धरणे म्हणजे शौर्य नव्हे.

परंतु हे ज्ञान आपोआप टिकत नाही. खाणाराच उरला नाही, तर पेरणारा तरी किती दिवस पेरील? जुने वाण शेतातून गेले की त्यांचे बीही जाते, आणि एकदा गेलेले बी परत आणता येत नाही. हे ओळखून याच तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी भाताचे, भाज्यांचे व कडधान्यांचे देशी वाण जमवून जतन केले. त्या शाळेत गेल्या नव्हत्या. तरी त्यांच्या कार्याचा गौरव म्हणून 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. लोक त्यांना बीजमाता म्हणतात.

म्हणून, विद्यार्थ्यांनो, तुम्ही डोंगरावर जाल तेव्हा वाटेतल्या माणसाला आधी राम राम करा. घरी येत असल्याचे आगाऊ कळवा, कारण तेथे पाणी व सरपण श्रमाने आणावे लागते. ताटात घ्याल तेवढे संपवा. जेवणाचे आणि वाट दाखविण्याचे मोल घासाघीस न करता द्या. त्यामुळे गावच्या तरुणाला गावातच काम मिळते आणि उतारावरची नाचणी पेरली जाते. देवळात पादत्राणे काढून जा, आणि आपला कचरा आपल्याच पिशवीतून परत आणा. हा प्रदेश 1986 पासून अभयारण्य आहे. तेथील झाडाझुडपांना व प्राण्यांना इजा करू नका.

शिखरावर आपण घटकाभर थांबतो आणि खाली उतरतो. ज्यांचे अवघे आयुष्य त्या शिखराच्या छायेत जाते, त्यांच्यापाशी बसून दोन शब्द ऐकावेत व एक भाकरी खावी. मग तो डोंगर आपल्याला परका राहत नाही.