आधी उकळा, मग फोडणी

फिडलहेडच्या भाजीचं एकच पथ्य आहे, पण ते मोडायचं नाही. कोंब आधी १५ मिनिटं खळखळ उकळायचे, पाणी फेकायचं, आणि मगच कढई चढवायची.

मी कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक प्रांतात, फ्रेडरिक्टनला राहते. बर्फ वितळून सेंट जॉन नदीला आलेला पूर मे महिन्यात ओसरू लागला की काठच्या गाळातून ऑस्ट्रिच फर्न या नेच्याचे कोंब, म्हणजेच फिडलहेड, डोकं वर काढतात. घट्ट गुंडाळलेले, रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे. गुंडाळी सुटून पान पसरलं की हंगाम संपला. तेवढ्या दिवसांत बॉइस मार्केटच्या शनिवारच्या बाजारात त्यांचे हिरवेगार ढीग दिसतात. इथले मूळचे वोलास्तोकी लोक पिढ्यान् पिढ्या हे कोंब खात आलेत. बाहेरून आलेल्यांनी ते त्यांच्याकडूनच घेतले.

ओळखण्याच्या खुणा तीन: देठ गुळगुळीत, लव अजिबात नसलेला; देठाच्या आतल्या अंगाला पन्हाळीसारखी खोल खाच; आणि गुंडाळीवर तपकिरी, कागदी पापुद्रा. तिन्ही जुळल्या तरच खुडावं, कारण सगळे नेचे खाण्याजोगे नसतात. एका गड्ड्यावरचे निम्मे कोंब तरी राखावेत. सगळे ओरबाडले तर झाड मरतं.

खरी मेहनत पापुद्रा काढण्याची. मी कोंब कोरडेच चाळणीत घेते आणि अंगणात वाऱ्यावर हलवते. बरंचसं फोलपट उडून जातं. ओला झालेला पापुद्रा मात्र बोटांना चिकटतो, गुंडाळीच्या वळणात दडून बसतो, तिथून तो अंगठ्यानं सोडवावा लागतो. तीन-चार पाणी बदलल्याशिवाय भाजी स्वच्छ होत नाही.

१९९४च्या मे महिन्यात न्यूयॉर्क राज्यात आणि पश्चिम कॅनडात कच्चे किंवा जेमतेम परतलेले कोंब खाऊन बऱ्याच जणांना उलट्या-जुलाब झाले. नेमकं कोणतं विष बाधलं ते सापडलं नाही. कॅनडाचं आरोग्य खातं सांगतं: १५ मिनिटं उकळा, नाहीतर १० ते १२ मिनिटं वाफवा. 'कुरकुरीत राहावेत' म्हणून दोन मिनिटांत उतरवणं मला अजिबात पटत नाही. आपल्याकडे शेवळं ही रानभाजी काकडाच्या आंबट फळांशिवाय कोणी शिजवतं का? घसा खाजतो हे माहीत असतं म्हणून ती शिस्त पाळली जाते. इथेही तेवढीच पाळावी.

उकळलेलं पाणी तपकिरी होतं. ते रश्श्याला वापरू नये. निथळलेले कोंब मोहरी, हिंग, ठेचलेला लसूण आणि सुक्या मिरचीच्या फोडणीत परतायचे, वर ओलं खोबरं. चव फरसबी आणि अ‍ॅस्परॅगसच्या मधली, त्यात ओल्या रानाचा वास. बटाटा घालू नये, ती चव झाकून टाकतो. इथली मंडळी लोणी आणि व्हिनेगर घालतात, तेही चांगलं लागतं.

हिवाळ्यासाठी कोंब दोन मिनिटं उकळून, गार करून फ्रीजरमध्ये ठेवता येतात. पण ती दोन मिनिटं हिशेबात धरायची नाहीत. बाहेर काढल्यावर पुन्हा पुरती १५ मिनिटं उकळायचेच.