थेम्सवरील एक अजब पंगत

रंगभूमीवर कोणकोणत्या गोष्टी प्रत्यक्ष दाखवूं नयेत ह्याची एक यादी आमच्या संस्कृत नाट्यशास्त्रकारांनीं करून ठेविली आहे. दहाव्या शतकांत माळव्यांत होऊन गेलेल्या धनंजयाच्या 'दशरूपक' ग्रंथांत ती वाचावयास सांपडते. तींत दूरचा प्रवास आहे, युद्ध आहे, वेढा आहे, स्नान आहे. आणि त्यांच्याच पंक्तीला वध आहे व भोजनहि आहे. कोणास ठार मारणें आणि कोणीं जेवीत बसणें ह्या दोन्ही गोष्टी प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर नकोत, असा पूर्वाचार्यांचा दंडक. भासाच्या 'ऊरुभंगा'सारखे अपवाद आहेत, नाहीं असें नाहीं; पण नियम तो नियमच. आतां ह्या दोन निषिद्ध गोष्टी मुद्दाम एकत्र आणावयाच्या, त्यांना नौकेच्या प्रवासाची जोड द्यावयाची, आणि वर प्रेक्षकांकडून त्याचे चांगले पैसे घ्यावयाचे, असा एक करमणुकीचा प्रकार हल्लीं इंग्लंड-अमेरिकेंतील नदीकांठच्या मोठ्या शहरांतून चालतो. तिकडे त्याला 'मर्डर मिस्टरी डिनर क्रूझ' म्हणतात. आपण 'रहस्यभोजन' म्हणूं या.

उन्हाळ्यांत लंडनला मुलाकडे किंवा लेकीकडे राहावयास जाणारे महाराष्ट्रीय आईबाप आतां थोडेथोडके नाहींत. तिकडच्या नातवंडांनीं 'आजी, आपण होडींतला खून पाहावयास जाऊं या' असा हट्ट धरला, तर आजीनें काय म्हणावें, हा प्रश्न वाटतो तितका काल्पनिक नाहीं. म्हणून हा प्रकार आहे तरी काय, तो आला कोठून, आणि घरच्या लहानथोरांनीं मिळून पाहण्याजोगा तो आहे कीं नाहीं, ह्याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सायंकाळीं नौका धक्का सोडते. आंत काचेच्या तावदानांचा लांबट दिवाणखाना. त्यांत आठ-आठ, दहा-दहा माणसांचीं मेजें मांडलेलीं. पहिलें वाढप होईपर्यंत नट कोण आणि गिऱ्हाईक कोण हें ओळखूं येत नाहीं. निदान येऊं नये अशी खटपट असते. शेजारच्या मेजावरील मोत्यांची माळ ल्यालेली बाई आपल्या भावाशीं मृत्युपत्रावरून मोठ्यानें भांडूं लागते. एक गृहस्थ वाढप्यावर उगाच खेंकसतो. कोणी तरी तुमच्याच कानाशीं लागून 'त्या डॉक्टरवर विश्वास ठेवूं नका हं!' असें कुजबुजून निघून जातो. मग क्षणभर दिवे मालवतात, एक किंकाळी ऐकूं येते, आणि पाहावें तों मघांचा खेंकसणारा गृहस्थ जमिनीवर आडवा!

येथून पुढें जेवण आणि तपास हातांत हात घालून चालतात. एक प्रवेश, एक पदार्थ. पुन्हा एक प्रवेश, पुन्हा एक पदार्थ. ह्यांत नाट्यदृष्टीपेक्षां पाकशाळेची सोयच अधिक असावी असें आमचें मत आहे. शंभर माणसांस वाढावयाचें तर वाढप्यांना वाट मोकळी हवी; तेवढा वेळ संशयितांनीं मेजामेजांवरून फिरून लोकांच्या प्रश्नांचीं उत्तरें द्यावयाचीं. प्रत्येक मेजाला एक कागद मिळतो. गोड पदार्थ संपण्याच्या सुमारास त्यावर खुनी कोण, खून कशासाठीं केला आणि कसा केला, हें लिहून द्यावयाचें. ज्यांचा तर्क बरोबर ठरेल त्यांस एखादें किरकोळ बक्षीस व बराचसा टाळ्यांचा गजर. नटमंडळी बहुधा चार-पांचच असतात. त्यामुळें पहिल्या प्रवेशांत मेलेला मनुष्य दुसऱ्या प्रवेशांत मिशा लावून पोलीस इन्स्पेक्टर होऊन येतो, आणि तें कोणाला खटकतहि नाहीं.

नौकाच कशाला, असें कोणी विचारील. रहस्यकथेला बंद जागा लागते. अगाथा ख्रिस्तीबाईंनीं १९३४ सालीं बर्फांत अडकलेली आगगाडी घेतली आणि १९३७ सालीं नाईल नदीवरील आगबोट घेतली, ती ह्याच कारणासाठीं. वाड्याचें दार उघडें असेल तर खुनी बाहेरून आलेला असूं शकतो. नौकेंत तो तुमच्याच पंगतीला बसलेला असतो. सारी गंमत ह्या एका जाणिवेंत आहे.

खून आणि जेवण ह्यांची सोयरीक इंग्रजांना नवी नाहीं. जॉर्ज ऑर्वेल ह्या लेखकानें १९४६ सालीं इंग्रजी खुनांच्या अवनतीवर एक मिस्कील निबंध लिहिला. त्याच्या आरंभीं रविवारचें भरपेट जेवण झाल्यावर कोचावर अंग टाकून खुनाची बातमी चवीनें वाचणारा सुखी गृहस्थ त्यानें रंगविला आहे. त्याच सुमारास अँथनी प्रॅट नांवाचा बर्मिंगहॅमचा एक पियानोवादक, हॉटेलांतून पाहुणेमंडळी खुनाखुनीचा जो खेळ खेळत असत तो आठवून, घरांत बसून खेळण्याचा पट तयार करीत होता. ६ संशयित, ६ हत्यारें, ९ खोल्या. महायुद्धानंतरच्या टंचाईमुळें तो पट 'क्लुएडो' ह्या नांवानें बाजारांत यावयास १९४९ साल उजाडलें. आमच्याकडील किती तरी घरांत तो आतां सारीपाटाच्या शेजारीं ठेवलेला असतो.

परंतु प्रेक्षकांनींच न्याय करावयाचा ही कल्पना ह्याहून जुनी, आणि तिची एक हकीकत सांगितल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. चार्ल्स डिकन्स १८७० सालीं वारला तेव्हां त्याची 'एड्विन ड्रूड' ही कादंबरी अर्धीच लिहून झाली होती. ड्रूड नाहींसा होतो. त्याच्या मामावर, म्हणजे चर्चमधील गायकवृंदाचा प्रमुख जॉन जास्पर ह्याजवर, वाचकांचा संशय बळावतो. आणि तेथेंच लेखणी थांबते. पुढें १९१४ सालच्या जानेवारींत लंडनच्या डिकन्स-भक्तांनीं ह्या जास्परवर चक्क खटला भरला! न्यायाधीश जी. के. चेस्टरटन आणि पंचांचा म्होरक्या बर्नार्ड शॉ. साक्षीपुरावे झाले, वकिलांचीं भाषणें झालीं; आणि शॉसाहेबांनीं उठून सांगितलें कीं, ब्रिटिश पंचांच्या परंपरेला अनुसरून आम्हीं आमचा निर्णय मधल्या जेवणाच्या सुटींतच ठरवून टाकला आहे. निर्णय सदोष मनुष्यवधाचा झाला. चेस्टरटननें काय करावें? स्वतःखेरीज तेथील यच्चयावत् मंडळींस न्यायासनाच्या बेअदबीबद्दल शिक्षा ठोठावली! आजच्या रहस्यभोजनांतील विनोद ह्याच्या जवळपासहि फिरकत नाहीं, हें खरें. पण जात तीच.

पुढें १९३५ सालीं न्यूयॉर्कमध्यें 'नाईट ऑफ जॅन्युअरी सिक्स्टींथ' हें नाटक आलें. त्यांत पंच म्हणून प्रेक्षकांतूनच माणसें घेत, आणि त्यांच्या निकालाप्रमाणें नाटकाचा शेवट बदले. बोस्टन शहरांत १९८० सालीं सुरू झालेल्या 'शिअर मॅडनेस' नाटकांत प्रेक्षक मतें देऊन खुनी ठरवीत. त्यांत ताट-वाटी आणि होडी तेवढी घातली, कीं आपलें रहस्यभोजन तयार.

आतां ज्या पाण्यावर हा खेळ चालतो त्याकडे वळूं. कारण खरी गोष्ट तेथें आहे. थेम्सवर संध्याकाळच्या नौका बहुधा टॉवर पुलाखालून ग्रिनिचच्या दिशेनें जातात. पूल ओलांडला कीं थोड्याच वेळांत डाव्या हातास वॅपिंग लागतें. जुन्या गोदामांची ही रांग पाहून कोणाच्या मनांत कांहीं येणार नाहीं. पण ह्याच कांठावर चांचे लोकांना फांसावर देण्याची जागा होती. ओहोटीच्या वेळीं उघड्या पडणाऱ्या चिखलांत फांसाचा खांब उभारीत, आणि तीन भरत्या अंगावरून जाईपर्यंत प्रेत तेथेंच लटकत ठेवीत. भरतीचें पाणी येथें सुमारें ७ मीटरपर्यंत चढतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या शिक्षेचें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. कॅप्टन किड हा १७०१ सालच्या मे महिन्यांत येथें फांसावर चढला. पहिल्या खेपेस दोर तुटला. त्याला पुन्हा चढविलें. मग त्याचें प्रेत डांबर फांसून लोखंडी सांगाड्यांत घालून नदीच्या मुखाकडे टिलबरीस टांगण्यांत आलें. शेवटची फांशी ह्या जागीं १८३० सालीं झाली. आणि हें सारें पाहावयास माणसें कोठें बसत? कांठावर दाटी होई म्हणून होड्या करून पाण्यांत येऊन बसत!

नदीवरचे पोलीसहि वॅपिंगचेच. १७९८ सालीं पॅट्रिक कोलकून व जॉन हॅरियट ह्यांनीं जहाजांवरील मालाची चोरी थांबविण्यासाठीं तेथें पोलीसदल उभें केलें. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत जमाव ठाण्यावर चालून आला, आणि त्या दंगलींत त्या दलाकडील गेब्रिएल फ्रँक्स नांवाचा मनुष्य गोळी लागून मेला. मिशा लावलेला इन्स्पेक्टर नौकेवर हशा पिकवीत असतां नौका त्या ठाण्यावरूनच पुढें सरकत असते.

टॉवर पुलाच्या वरल्या अंगास सदर्क पूल आणि लंडन पूल ह्यांच्यामधील पाणी तर डिकन्सनेंच कायमचें काळें करून ठेविलें आहे. त्याच्या 'अवर म्युच्युअल फ्रेंड' कादंबरीचा आरंभ तेथेंच होतो: संध्याकाळची वेळ, एक होडी, वल्हें मारणारी तरुण मुलगी, आणि पाण्यांतून प्रेतें काढून त्यांच्या खिशांवर पोट भरणारा तिचा बाप. ती झाली कादंबरी. पण १९८९ सालच्या ऑगस्टच्या २० तारखेस मध्यरात्र उलटून गेल्यावर ह्याच टापूंत 'मार्शनेस' ह्या सहलीच्या नौकेस 'बोबेल' नांवाच्या गाळ उपसणाऱ्या मोठ्या जहाजाची धडक बसली. नौकेवर वाढदिवसाची मेजवानी चालू होती. ती पाहतां पाहतां बुडाली, आणि ५१ माणसें मेलीं. त्यांतील बहुतेक तरुण होतीं. त्यानंतरच्या चौकशांतून जें कांहीं निष्पन्न झालें त्यांत एक हें कीं, २००२ सालापासून थेम्सवर जीवरक्षक नौकांचीं ठाणीं बसविण्यांत आलीं. म्हणून रहस्यभोजनाच्या आरंभीं जीवरक्षक जाकिटें कोठें आहेत, बाहेर पडण्याच्या वाटा कोणत्या, हें जें सांगतात, तेवढें कृपा करून हंसण्यावारी नेऊं नये. त्या संध्याकाळचें तेंच एक वाक्य नाटकांतलें नसतें.

आतां आजीच्या प्रश्नाकडे येऊं. आमच्या घरांतील वडील माणसें म्हणतील, जेवतांना प्रेताच्या गोष्टी कसल्या करावयाच्या! ह्या आक्षेपांत सोवळेपणापेक्षां अधिक कांहीं आहे. ज्या घरांत मृत्यु झाला त्या घरांत आमच्याकडे चूल पेटत नाहीं. शेजारीपाजारी पिठलें-भात आणून देतात आणि तोहि घशाखालीं उतरत नाहीं. नौकेवर मात्र माणूस पडला कीं दुसरा पदार्थ लगबगीनें येतो. हें बरें दिसावें म्हणून कथा रचणारा एक युक्ति करतो, ती ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. मरणारा मनुष्य तो नेहमीं दुष्ट, कंजूष, अरेरावी असाच करतो. त्यामुळें त्याला मारण्याचें कारण प्रत्येकापाशीं असतें, आणि त्याच्यासाठीं रडण्याचें कारण कोणापाशींच नसतें. शोक एकदां काढून टाकला म्हणजे खून हें कोडें होतें, आणि कोडें जेवतांना चालतें.

ही युक्ति आम्हांला थोडी स्वस्त वाटते. तरीहि ह्या खेळाला नांवें ठेवण्यास आम्ही तयार नाहीं. ज्या पाण्यावर लोक होड्या करून खरा माणूस मरतांना पाहावयास येत, त्याच पाण्यावर आज लोक पैसे देतात ते शेवटीं उठून बसणाऱ्या माणसासाठीं. आणि त्यांना उत्सुकता असते ती मरणाची नव्हे, खरें काय घडलें ह्याची. तीनशें वर्षांत रुचि इतकी पालटली ही कांहीं लहान गोष्ट नव्हे. दहा-बारा वर्षांच्या मुलांना खुशाल न्यावें. त्याहून लहान मुलें किंकाळीनें दचकतात आणि मग जेवत नाहींत.

आजीनें तर अवश्य जावें. नट भराभर बोलतात आणि निम्मे विनोद तेथल्या राजकारणावर असतात, तेव्हां शब्द कांहीं निसटतील. पण एकत्र कुटुंबांत चाळीस वर्षें काढलेल्या बाईला कोण कोणाची नजर चुकवितें, कोणाच्या पानांतलें अन्न तसेंच राहिलें, आणि भांडतांना कोण उगाच आवाज चढवितें, हें ओळखावयास भाषा लागत नाहीं. पंचवीस वर्षांच्या पदवीधर नातवापेक्षां तिचाच कागद बरोबर ठरण्याचा संभव आम्हांस अधिक वाटतो.

जाणाऱ्यांसाठीं दोन व्यवहाराच्या गोष्टी. जागा राखून ठेवतांनाच शाकाहारी जेवण हवें असें कळवावें, आणि अंडेंहि चालत नसल्यास तें निराळें सांगावें. आयत्या वेळीं नौकेवर दुसरी पाकशाळा नसते. जून महिना असला तरी शाल बरोबर घ्यावी, कारण ग्रिनिचहून नौका परत फिरली कीं मंडळी दिवे पाहावयास वरच्या उघड्या मजल्यावर जातात आणि तेथें वारा बोचरा असतो. उतरतांना धक्क्याच्या फळीपाशीं नट ओळीनें उभे राहून निरोप देतात. मेलेल्या गृहस्थाचें काम ज्यानें केलें असेल त्याला नातवंडांनीं हात लावून पाहिला तरी तो रागावत नाहीं.