एचआयव्ही लपवला तर जेल होते का? कायदा काय सांगतो, समजून घ्या

कडेगाव : जोडीदाराला एचआयव्हीबद्दल सांगितलं नाही, तर पोलीस उचलतात का? हा प्रश्न चारचौघांत कुणी विचारत नाही. पण याच भीतीनं तपासणी लांबते आणि धोका वाढतो.

कोणतं कलम लागतं?
एचआयव्ही असणं हा गुन्हा नाही. जीवघेणा आजार पसरवण्याविरुद्धची सर्वसाधारण कलमं मात्र आहेत. आधी ती भादंवि २६९ आणि २७० होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची २७१ आणि २७२ आहेत. हलगर्जीपणाला ६ महिन्यांपर्यंत, तर वाईट हेतूनं केलेल्या कृत्याला २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

खुनाचा प्रयत्न ठरतो का?
२०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं एका एचआयव्हीबाधित आरोपीचा बलात्काराचा दोष कायम ठेवला, पण खुनाच्या प्रयत्नाचं कलम ३०७ रद्द केलं.

सांगणं बंधनकारक आहे?
२०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार बाधित व्यक्तीनं लागण टाळण्याची खबरदारी घ्यावी किंवा संबंधांआधी सांगावं. मारहाण किंवा टाकून दिलं जाण्याची रास्त भीती असलेल्या महिलेला यातून सूट आहे.

व्हॉट्सअॅपवर नाव फिरवलं तर?
संमतीशिवाय चाचणी करता येत नाही. विश्वासानं सांगितलेली माहिती फोडता येत नाही. बाधितांविरुद्ध द्वेष पसरवणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

धाकानं काय साधलं?
१९८९ मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसोझा यांना पोलिसांनी ताब्यात घेतलं आणि ६४ दिवस एकटं डांबून ठेवलं. रक्तदानानंतर त्यांना एचआयव्ही असल्याचं कळलं होतं. आई लुसी मुंबई उच्च न्यायालयात गेल्या, पण न्यायालयानं तो कायदा वैध ठरवला. रक्तदान करणाऱ्यालाच कोंडलं, तर तपासणीला पुढे कोण येणार?

सांगलीत ‘संग्राम’ संस्थेनं १९९२ पासून उलटी वाट धरली. वेश्याव्यवसायातल्या महिलांनीच एकमेकींना माहिती आणि कंडोम पोहोचवले.

आता काय कराल?
सरकारी आयसीटीसी केंद्रात चाचणी मोफत आणि गोपनीय असते. एआरटी औषधंही मोफत मिळतात. ती नियमित घेतली आणि रक्तातला विषाणू चाचणीत दिसेनासा झाला, की लैंगिक संबंधांतून लागण होत नाही. शंका असेल तर १०९७ या मोफत हेल्पलाइनवर फोन करा.